दोनाचे चार

लग्न ठरलं की लोक म्हणतात, दोनाचे चार झाले. आमच्या घरात हे शब्द कुणी तोंडातून काढत नसे. सत्तावीसमधल्या दोनाचे कुणीतरी चार केले आणि माझ्या आईची अठ्ठावीस वर्षांची नोकरी गेली.

आई गणित शिकवायची. सकाळी दूध तापत असतानाच तिची रोझरी चालायची. दूध उतू जायला लागलं की एका हातात माळ तशीच धरून ती दुसऱ्या हाताने गॅस बारीक करायची, पण 'नमो मरिये' मध्येच तुटत नसे. मग पप्पांचा डबा भरायचा, माझ्या आणि दादाच्या वेण्या-बटणं उरकायची आणि शाळा गाठायची. रविवारी चर्चमध्ये मिस्सेनंतर धर्मशिक्षणाचा वर्गही तिच्याकडेच. तिथेही ती गणिताचीच बाई. "देवाने दहा आज्ञा दिल्यात, साडेनऊ पाळून पास होत नाही," असं पोरांना सांगायची.

नोकरी गेली त्या वर्षी संस्थेच्या अध्यक्षांची नात आईच्या वर्गात होती. वार्षिक परीक्षेत तिला सत्तावीस गुण पडले. पास व्हायला पस्तीस लागत. हेडसरांनी आईला बोलावून घेतलं.

"बाई, जरा हात सैल सोडा."

"सर, तिला अपूर्णांक येत नाहीत. वरच्या वर्गात बुडेल ती. उन्हाळ्यात माझ्याकडे पाठवा, फेरपरीक्षेत पास करून दाखवते."

हेडसर हसले. पुढे तपासणी झाली, तेव्हा गुणांच्या रजिस्टरात ब्लेडने खरवडलेला आकडा सापडला. दोन जाऊन तिथे चार आला होता. तपासनिसांसमोर हेडसर म्हणाले, "अध्यक्षांची मर्जी सांभाळायला बाईंनी वाढवले असतील." अध्यक्ष गप्प बसले. भर तासाला आईला ऑफिसात बोलावलं. "पर्स घेऊनच या," असा निरोप होता, त्यामुळे वर्गातल्या शेवटच्या बाकालाही सगळं कळलं. पाठोपाठ फादरांनी धर्मशिक्षणाचा वर्गही काढून घेतला. म्हणाले, वातावरण थंड होऊ द्या. ते काही थंड झालं नाही.

हेडसर आमच्याच चर्चचे. रविवारी आमच्या पुढच्याच बाकावर बसायचे. मिस्सेत एकमेकांचा हात धरून शांतीची खूण देताना ते मागे वळत नसत, म्हणून आई त्यांच्या खांद्याला हात लावायची. नाइलाजाने ते वळले की त्यांचा हात हातात घेऊन, थेट डोळ्यांत बघून म्हणायची, "तुम्हाला शांती लाभो, सर." आणि हात लवकर सोडायची नाही. अकरा वर्षं, दर रविवारी. त्यांच्या मानेवर घाम यायचा.

"कसली क्षमा करतेस त्या माणसाला?" मी एकदा चिडून विचारलं.

"क्षमा मनापासून करते," आई म्हणाली. "हात दाबते, तो माझा स्वभाव."

अध्यक्षांची नात मात्र पुढच्या उन्हाळ्यात खरंच आमच्या मागच्या दारी आली. मी तिच्या तोंडावर दार लावलं. आईने ते उघडलं, तिला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि वर्षभर गणित शिकवलं. त्या वर्षभरात मी त्या मुलीला पाण्याचा पेलाही विचारला नाही.

आई गेली. महिन्याने तिच्यासाठी मिस्सा आणि मग चर्चच्या हॉलमध्ये स्मरणसभा ठेवली होती, त्याआधी हेडसरांचा फोन आला. ते आता निवृत्त होते आणि त्यांच्या सत्काराच्या पत्रिका छापून झाल्या होत्या. "बाईंबद्दल दोन शब्द बोलेन म्हणतो," ते म्हणाले.

"या ना सर," मी म्हटलं. "तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?"

फोन ठेवला आणि तडक अध्यक्षांच्या नातीच्या दुकानात गेले. ती आता औषधविक्रेती झाली होती. मला पाहताच तिने हातातली बाटली खाली ठेवली.

"तुझ्यामुळे गेली तिची नोकरी," मी म्हटलं. "खरं काय ते तुला माहीत असेल, तर शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये ये."

"मी बाईंना तेव्हाच म्हणाले होते, मी सांगते सगळ्यांना," ती म्हणाली. "त्यांनी शपथ घातली. म्हणाल्या, घरात आजोबांच्या विरुद्ध उभी राहू नकोस, लहान आहेस."

"आता लहान नाहीस."

शनिवारी हॉल भरला होता. दोन पिढ्यांचे विद्यार्थी आले होते. हेडसर बोलायला उभे राहिले. आधारस्तंभ म्हणाले, त्यागमूर्ती म्हणाले, रुमालाने डोळेही टिपले. मी त्यांना पूर्ण बोलू दिलं. जितकं उंच चढतील तितकं मला हवंच होतं. टाळ्या संपल्यावर मी उठले.

"सर, या त्यागमूर्तीला शाळेतून का काढलं, तेही सांगा ना."

"ही ती जागा नव्हे, बेटा."

तेवढ्यात मागून नात उभी राहिली. "मी सांगते. माझे गुण होते ते. निकाल न्यायला आजोबांबरोबर मी ऑफिसात गेले होते. सरांनी आमच्यासमोर ड्रॉवरमधून ब्लेड काढलं, आकडा खरवडला आणि आजोबांना म्हणाले, झालं काम."

हेडसरांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. पहिल्या रांगेतला त्यांचाच एक लाडका विद्यार्थी उठला आणि त्यांच्याकडे न बघता बाहेर गेला. मग दुसरा, मग अख्खी रांग. मी मोजत नव्हते, पण प्रत्येक खुर्ची सरकल्याचा आवाज मला गोड लागत होता.

सत्कार रद्द झाला. संस्थेने आईवरचा ठपका मागे घेतल्याचं पत्र पाठवलं. पंधरा दिवसांनी हेडसरांची बायको दारात आली.

"ते जेवत नाहीत गं. कुणी फोन घेत नाही त्यांचा. तू एकदा येऊन भेट. तुझ्या आईने माफ केलं होतं."

"हो, काकू. आईने केलं होतं," मी म्हटलं आणि दार लावलं.

रविवारी पापनिवेदनाला गेले. सगळं सांगितलं, दारासकट.

"पश्चात्ताप होतोय का?" फादरांनी विचारलं.

"नाही, फादर."

"मग होईल तेव्हा ये," ते म्हणाले.

अजून गेले नाही.