वहिनीने वाचलेली ओळ

स्वतःची कृती निर्दोष असावी, हे एक कर्तव्य. आपल्यामागे ती दुसऱ्याला पेलवावी, हे दुसरे. पहिल्याच्या अभिमानात दुसऱ्याचा विसर पडतो, आणि तो बहुधा बुद्धिमंतांनाच पडतो.

नवजात अर्भकांच्या औषधाची मात्रा वजनावरून ठरवणारा प्रोग्रॅम नणंदेने लिहिला होता. उद्यापासून ती बाळंतपणाच्या रजेवर जाणार होती, आणि मागे तो सांभाळणार होती तिची सख्खी भावजय, त्याच कचेरीत शेजारच्या टेबलावर बसणारी. कचेरीचा एक दंडक होता: लिहिलेले दुसऱ्याने मोठ्याने वाचून अर्थ सांगायचा, आणि तोवर लिहिणाऱ्याने मौन पाळायचे. वाचन अडले, तर प्रोग्रॅम रुग्णालयात जात नसे. परिचारिका हातानेच हिशेब करीत राहत.

प्रोग्रॅमची भाषा अशी की तिच्यात एकदा ठरलेले मूल्य बदलत नसे. एका क्रियेचे फळ थेट दुसरीच्या ओंजळीत पडे. नणंदेने साऱ्या क्रिया एकाच ओळीत ओवल्या होत्या, मधल्या कशालाही नाव न देता. ओळ वाचायची उजवीकडून, आणि तिच्यातला कंस मात्र डावीकडून.

वहिनीने चष्मा सावरला. “वजन घेतलं. दिवसाची मात्रा काढली. मग ती सिरिंजच्या रेघेशी जुळवली, मग तिचे वेळांप्रमाणे भाग—”

“आधी भाग, वहिनी. कंस डावीकडून वाचायचा.”

“बोललात, वन्सं.” चिडवायचे असले की वहिनी अहो-जाहो करी.

“पण ओळ बरोबर आहे.”

“आहेच. चुकले मी. पण पुढच्या महिन्यात हीच ओळ मी दुरुस्तीला घेईन, आणि आधी रेघ, मग भाग करून ठेवीन. मात्रा दोन रेघांच्या मध्ये लोंबकळेल. तेव्हा काय, कळा देता देता फोन उचलणार आहात?”

नणंद हसली, पण तिचा हात पोटावर स्थिरावला. “प्रत्येक पायरीला नाव द्यायचं म्हणजे बालवाडी झाली गं.”

“बालवाडीच्याही आधीची गिऱ्हाइकं आहेत आपली.”

नणंदेने खुर्ची पुढे ओढली. आवडत्या ओळीकडे तिने क्षणभर पाहिले, आणि ती सोडवायला घेतली. दिवसाची मात्रा. एका वेळची मात्रा. सिरिंजमध्ये भरायची मात्रा. प्रत्येक नाव आपापल्या ओळीवर, वरून खाली.

“वजनाची पायरी राहू दे तशीच,” वहिनी म्हणाली. “ती पाहताच कळते. उगाच सगळंच कशाला उसवतेस?”

मग पुन्हा वाचन झाले. या खेपेस वहिनी कुठे थांबली नाही, आणि नणंदेला ओठ दाबून धरावे लागले नाहीत. सांगण्यासारखे काही उरलेच नव्हते. संध्याकाळी प्रोग्रॅम रुग्णालयात रवाना झाला. नणंदेची पिशवी उचलून वहिनी तिच्याबरोबर जिना उतरली.

जिने लिहिले तिची सुखरूप सुटका होवो. जिने वाचले तिची दृष्टी निर्मळ राहो. आणि ज्या इवल्या देहांना यातले काहीच कधी कळणार नाही, ते वजनाने वाढोत.