टाकीचा राखणदार

यावर कोणाचा विश्वास बसायचा नाही, पण रोह्याला लागून धाटावला एका कंपनीत चाळीस हजार लिटरची टाकी होती आणि ती सहा वर्षं एकट्या हरेशचं ऐकत होती. सकाळी तो तिच्यासमोर जाऊन नुसता खाकरला की आतलं रसायन गप. लग्नासाठी त्यानं चार दिवस रजा घेतली, तेव्हा टाकी अशी गुरगुरली की कुंडलिकेच्या काठचे बगळे उठून पार खांब गावाला जाऊन बसले आणि नवरदेवाची हळद उतरेपर्यंत परतले नाहीत. एकदा हरेशला ताप भरला. मॅनेजरनं फोन टाकीच्या पत्र्याला लावला आणि हरेश इकडून गोधडीतून म्हणाला, "गप बस." बसली. इतकी बसली की दोन दिवस तिच्यातून थेंब निघेना, शेवटी हरेशलाच पुन्हा फोन करून तिची समजूत काढावी लागली.

धाटावला यातलं कोणाला काही ठाऊक नव्हतं. तिथं हरेश टँकरच्या वेळा लावायचा. कोणता टँकर किती वाजता आत, कोणता बाहेर, गेटपास कोणाच्या नावाचा, ड्रायव्हर पोचला की अजून वडखळला चहा पितोय, एवढंच त्याचं काम. टाकी त्याच्या खिडकीतून दिसायची खरी, पण मागच्या बाजूनं आणि अर्धीच. तिच्यात काय भरलेलं असतं हेही त्याला सहा वर्षांत नीट कळलं नव्हतं.

टाकीची कीर्ती होती ती पेणच्या पलीकडे, खाडीला टेकलेल्या त्याच्या गावात. आणि ती सुरू झाली होती हरेशच्याच तोंडच्या एका आळसट वाक्यानं.

गावाची शेतं खाडीपेक्षा सखल. मधे मातीचा बांध. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आलं की खाडी बांधाला धडका देते. खेकड्यानं पोखरलेलं एखादं बीळ राहून गेलं तर पाणी तिथूनच वाट काढतं, बांधाला खांड पडते आणि एका दुपारीत सगळं भात खारं. म्हणून उधाणाच्या दिवशी प्रत्येक घरातून एक माणूस बांधावर. सकाळपासून बिळं शोधायची, चिखलानं बुजवायची, भरती उतरेपर्यंत हलायचं नाही. माणूस घरचाच लागतो. भाड्याच्या माणसाला बीळ दिसत नाही, असं गावाचं म्हणणं.

वडील गेल्यावर ही पाळी हरेशची. नोकरी लागल्यानंतरच्या पहिल्या उधाणाला नेमकी त्याला सुट्टी होती आणि आदल्या दिवशी क्रिकेट खेळून अंग आंबलं होतं. तो आईला म्हणाला, "आये, आज जमायचं नाय. कंपनीत एक टाकी हाय, माझ्यावर सोपवलीय. मी नसलो तर काय होईल सांगता येत नाय." मग डबा घेऊन तो पेणला मित्राच्या खोलीवर गेला आणि चार वाजेपर्यंत झोपला.

कृष्णाबाईनं घमेलं उचललं आणि ती बांधावर गेली. शेजारच्या धोंडुबाईनं विचारलं, "पोरगा कुठं गो?"

"टाकीवर."

एवढंच बोलली ती त्या दिवशी. पण दर पंधरवड्याला कोणी ना कोणी विचारायचंच, आणि आई मुलाची पाळी का करते याला काही तोलामोलाचं कारण हवं. घमेल्यागणिक टाकी वाढत गेली. तिला आवाज आला, राग आला, बगळे उडाले, हरेश नसला तर रोहा उडेल इथवर गोष्ट गेली. हरेशनं त्यात स्वतःच्या पदरचं काही घातलं नाही. कृष्णाबाई ओटीवर बसून कोणाला सांगायची तेव्हा तो फक्त ताटात बघत जेवायचा. आणि तेच त्याला जास्त लागायचं. खोटं एकदाच बोललो असतो तर एकदाचं संपलं असतं; हे न बोलून रोज चाललं होतं.

भाद्रपदात कंपनीच्या नमिता मॅडमचा मेल आला. ऑफिसच्या लोकांनी आठवड्यातले दोन दिवस घरून काम केलं तर चालेल. कोणते दिवस ते शुक्रवारपर्यंत फॉर्म भरून कळवा, नको असेल तर तसं कळवा.

संध्याकाळच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या अमोलनं विचारलं, "भरलास फॉर्म?"

"बघतो."

"बघतो काय? तुझे जायचे-यायचे तीन तास वाचतात. बायको मारते का घरी?"

"नाय रे. विचार करतो."

विचार असा होता. घरून काम होतं, म्हणजे टाकीजवळ असायची गरज नाही. टाकीजवळ असायची गरज नाही, म्हणजे पाळीला जाता येतं. आणि आज जाता येतं तर तेव्हाही येत होतं. दोन दिवसांच्या चौकटीत एक टिचकी मारली की सहा वर्षं उघडी पडणार होती. न मारली, तर कोणाला काही कळणार नव्हतं. रामवाडीला बसमधून उतरेपर्यंत त्यानं मनातल्या मनात 'नको' असं कळवूनही टाकलं होतं.

घरी आला तर कृष्णाबाई मागच्या पायरीवर गरम पाण्यात पाय बुडवून बसलेली. त्याला बघून तिनं लुगडं खाली ओढलं.

"काय झालं पायाला?"

"चिखल्या. बांधावर जाणाऱ्या कोणाला होत नाय?"

"टाचेला चिंधी कसली?"

"चिखलातल्या कालवाची शिंपी लागली जराशी. तू जेव. टाकी बरी हाय ना?"

"बरी हाय," हरेश म्हणाला, आणि आत येऊन भिंतीकडे तोंड करून शर्ट काढायला त्याला नको इतका वेळ लागला.

त्याची बायको नूतन पेणला कापडाच्या दुकानात कामाला होती. तिला खरं ठाऊक होतं. लग्नानंतर कंपनीच्या एका कार्यक्रमाला गेली तेव्हा तिनं मोठ्या कौतुकानं "ती तुमची टाकी कुठली हो?" असं विचारलं होतं, आणि त्यानं तिच्या दंडाला धरून तिला आइस्क्रीमकडे नेलं होतं. भाकरी थापता थापता तिनं फॉर्मचं ऐकून घेतलं.

"काय करू, सांग ना."

"मला काय विचारता? टाकीला विचारा."

"मस्करी नको करू."

"मी नाय करत. मस्करी तुम्ही केलीत. आयेंचा पाय सुजलाय, चपलेत जात नाय. मी गेले असते पाळीला, तर म्हणतात, तुझा खाडा पडेल, माझं काय, मी रिकामीच हाय. आणि वर म्हणतात, रोह्याच्या लोकांचं पुण्य लागतंय."

शुक्रवारी हरेशनं गुरुवार आणि शुक्रवार असे दोन दिवस भरले. पुढच्या गुरुवारी अमावास्या होती. आईला त्यानं सांगितलं ते इतकंच की आठवड्यातले दोन दिवस आता काम घरातून होईल. तिच्या कपाळाला आठी पडेल, ती काही विचारेल आणि आपण सगळं सांगून मोकळे होऊ, अशी त्याची तयारी होती.

कृष्णाबाई जराही अडखळली नाही. "व्हईल की. तापात फोनवर ऐकली, तशी कंपुटरवर ऐकेल."

अडखळली ती धोंडुबाई. तिची लेक निशिगंधा रोह्याला दिलेली. धोंडुबाई त्याच संध्याकाळी ओटीवर येऊन बसली आणि हळू आवाजात बोलली, "हरेश, बाबा, तू इकडं बसणार, आणि लाइट गेली तर रे? माजी निशी पोटुशी हाय. तिला त्या दोन दिसांसाठी इकडं आणू का?"

"नको मावशे. काय होत नाय."

"तू बोलतोस म्हंजे नाय व्हणार. पन आणतेच."

आणि तिनं लेकीला खरंच आणलं. बुधवारी सातव्या महिन्यातली निशिगंधा रोह्याहून हलत-डुलत आली आणि सासरी काय कारण सांगायचं म्हणून चिडून बसली. हरेश कंपनीतून परतला तेव्हा त्यानं तिला शेजारच्या दारात पाहिलं आणि मान खाली घालून पुढच्या दारानं जायचं सोडून मागच्या दारानं घरात गेला.

गुरुवारी तो पहाटेच उठला. आठला लॅपटॉप उघडायचा, अकराला मॅडमला सांगून दोन तास सुटायचं, आईला घरी बसवायचं आणि बांधावर आपण जायचं, असा बेत. पण कृष्णाबाई त्याच्या आधी उठली होती. खिडकीपाशी टेबल लावून तिनं त्यावर धुतलेली चादर घातली होती. कोंबड्या पाटीखाली झाकल्या होत्या. शेजारचा काळुराम ट्रॅक्टर चालू करायला गेला तर तिनं त्याला हात करून थांबवलं, आणि त्यानंही बिचाऱ्यानं तो पार रस्त्यापर्यंत ढकलत नेला.

"आये, आज बांधावर मी जातो," हरेश म्हणाला.

"आणि टाकी?"

वाक्य त्याच्या जिभेवर होतं. टाकी-बिकी काय नाय, आये. चार शब्द. तेवढ्यात लॅपटॉप टिंग वाजला.

"बघ, बोलावते," कृष्णाबाई म्हणाली. "बस तू. हालू नको. चा झाकून ठेवलाय."

तिनं घमेलं काखेत मारलं आणि निघाली. हरेश खिडकीतून बघत राहिला. उजवी टाच न टेकवता, पायाच्या कडेवर चालत ती शेताच्या वाटेला लागली. एवढा फॉर्म भरून, दिवस मागून, घरात बसून त्यानं काय साधलं होतं, तर आजवर जे पाठीमागे व्हायचं ते आता डोळ्यांसमोर होत होतं. टँकरवाला विचारत होता, गेट नंबर दोन की तीन. हरेशनं तीन लिहिलं. मग दोन लिहिलं. मग सव्वाअकराला अमोलला लिहिलं, 'सांभाळ, घरी अडचण आहे,' आणि लॅपटॉप मिटून पँट गुडघ्यापर्यंत दुमडत पळत सुटला.

बांधावर पंधरावीस माणसं होती. पाणी चढत होतं, बांधाच्या कडेनं फेस धरला होता. कृष्णाबाई उतारावर बसून एका बिळात मूठमूठ चिखल कोंबत होती आणि धोंडुबाई तिला घमेलं पुरवत होती. हरेशला बघून दोघींचे हात थांबले.

"टाकी सोडून आला," धोंडुबाई घाबरून म्हणाली.

पलीकडून रघू ओरडला, "काय रे, रोहा उडवतोस काय आज?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. हरेशनं खरं सांगायला तोंड उघडलं. पण पंधरावीस माणसं, बरोबरीचा रघू, आईचे चिखलानं भरलेले हात आणि सहा वर्षं, हे सगळं एकदम समोर असताना खरं असं सरळ बाहेर येत नाही. बाहेर आलं ते भलतंच.

"टाकी आता नाय राहिली," तो म्हणाला. "काल नेली. म्हातारी झाली ती. मीच साहेबांना बोललो, तिला सोडा आता. अठ्ठावीस चाकांच्या ट्रेलरवर चढवली. जाताना फाटकापाशी अशी अडून बसली की ट्रेलरची चाकं डांबरात वीतभर रुतली. मी जवळ गेलो, बोललो, जा बाई, तुझं झालं. तेव्हा निघाली. नागोठण्याला लोकांनी दुकानं बंद केली बघायला. वडखळला पोलिसांनी रस्ता मोकळा केला. आणि दुपारी रामवाडीच्या नाक्यावरनं गेली तेव्हा तिनं एक हाक दिली, तर नाक्यावरच्या सगळ्या रिक्षांचे हॉर्न आपोआप वाजले. आता मला रोज जायला नको. पाळी माझी. आये, तू घरी जा."

रघूचा आ वासलेला होता. धोंडुबाईनं सुटकेचा श्वास टाकून कोणत्या तरी देवाला हात जोडले. दोघातिघांनी माना हलवल्या, जड मनानं, कोणी जुनं माणूस गेल्यासारख्या. हरेशला वाटलं, जमलं. आणि त्याच क्षणी हे जमायला नको होतं असंही वाटलं.

कृष्णाबाईनं हातातला चिखल बिळात दाबला, वरून तळव्यानं सारवला आणि मग मान वर केली.

"काल दुपारी, बोललास?"

"व्हय. तीन-साडेतीनला."

"रामवाडीवरनं?"

"नाक्यावरनंच."

"काल दोनपासून पाचपर्यंत मी रामवाडीच्या नाक्यावर होते," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "डॉक्टरच्या ओट्यावर नंबर लावून. टाचेतली शिंपी काढायला. तू काळजी करशील म्हणून सांगितलं नाय. रस्ता माज्या डोळ्यांसमोर होता. तीन तासांत दोन यष्ट्या, एक वाळूची गाडी आणि एक म्हैस गेली. टाकी नाय गेली. खोटं बोलतोस तू, हरेश. धर हे घमेलं."