ब्लीचमध्ये उरलेली

वडिलांनी टायमर लावून काढलेला घरचा जुना कृष्णधवल फोटो पिढ्यान्‌पिढ्या टिकावा म्हणून लेकीने तो टोनिंगला घेतला. आधी ब्लीचमध्ये चित्र घालवायचं, मग टोनरमध्ये तपकिरी करून परत आणायचं, हे तिला त्यांनीच शिकवलेलं. फोटोत वडील, आई, आईच्या मांडीवर ती स्वतः आणि मागे काळा पडदा.

तिने ट्रे हलवला. आईचा चेहरा विरला, वडिलांच्या मिशा गेल्या, तिचं झबलंही गेलं. पडदा मात्र पुरता जाईना. त्यात एक काळा आकार तसाच उरला: उभी बाई, कडेवर मूल.

ब्लीच फक्त फोटोतलं चित्र बनवणारी चांदी खातं. ब्रशने भरलेल्या शाईला ते हात लावत नाही. आणि फोटोतलं नको ते झाकायला वडील ब्रश घेऊन बसले की कुणाची गय करत नसत.

टोनरच्या कुजक्या वासाने आई नाक दाबून दाराबाहेरच बसली होती.

"आई, तुझ्यामागे कोण बाई उभी होती गं?"

"कुठली बाई? पडदा होता नुसता."

लेकीने पुन्हा ट्रे हलवला. मग बाहेरून हळूच आवाज आला, "पोराचं तोंड दिसतं का?"

लेकीने पोराबद्दल चकार शब्द काढला नव्हता.