अनुराधापूरनंतरचे दोन दिवस

नाशिक रोडच्या नोट प्रेसमधून रिटायर झाल्यावर रंगनाथ गांगुर्डेंच्या मनात एकच गोष्ट होती. श्रीलंकेला जायचं आणि अनुराधापूरचा बोधिवृक्ष डोळे भरून पाहायचा. २००४ च्या डिसेंबरात कॉलनीतल्या विहारातून अकरा जण निघाले, त्यात त्यांच्यासोबत पत्नी ललिताबाई होत्या.

झाडापुढे रंगनाथ तासभर बसून राहिले. जुने स्तूप, तळी, तलावांवरचे बगळे, सगळं त्यांनी लहान मुलासारखं हरखून पाहिलं. दोन दिवसांनी पौर्णिमा होती. अशोकाच्या मुलीनं, संघमित्रेनं, बोधिवृक्षाची फांदी इथं आणली, तिचा उत्सव. त्यासाठी सगळे थांबणार होते.

ललिताबाई मात्र कंटाळल्या होत्या. "झाड बघून झालं की," त्या म्हणाल्या. "एवढ्या लांब आलोय, मला समुद्र दाखवा. आयुष्यभर तुमच्याच मनासारखं केलंय मी."

रंगनाथांनी झाडाकडे पाहून हात जोडले. मग म्हणाले, "चल."

रविवारी, ऐन पौर्णिमेच्या सकाळी, गॉलजवळच्या समुद्रकाठच्या लॉजवर चहा पिऊन रंगनाथ वाळूत उतरले. ललिताबाई वरच्या गॅलरीत केस विंचरत होत्या. अचानक पाणी मागे सरलं, पार लांब. उघड्या पडलेल्या खडकांवर मासे तडफडत होते. लोक बघायला धावले. रंगनाथही निघाले, वळून त्यांनी हात केला. "अगं ये, बघ तरी!"

त्या जिन्याकडे वळल्या, तेवढ्यात खालून आरडाओरडा झाला. पाणी पहिल्या मजल्यापर्यंत आलं. ओसरलं तेव्हा वाळूत कुणीच नव्हतं.

पाच दिवस ललिताबाईंनी दवाखान्यांतले फोटो पाहिले. रंगनाथ कशातच सापडले नाहीत.

नाशिकला परतल्यावर जो तो विचारायचा, उत्सव सोडून तुम्ही समुद्रावर कशाला गेलात? पहिल्यांदा विचारलं तेव्हाच ललिताबाईंच्या तोंडून निघून गेलं, "त्यांचीच इच्छा होती." मग तेच सांगत राहिल्या.

रंगनाथांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी लेक चैताली विहारात बोलायला उभी राहिली. "बाबांना समुद्राची फार ओढ होती," ती म्हणाली, "शेवटी त्यांच्या मनासारखं झालं."

ललिताबाईंना बसवेना. त्या उठल्या. "खोटं आहे ते. त्यांना पौर्णिमेला तिथंच थांबायचं होतं. मी ओढून नेलं."

चैताली आईकडे बघत राहिली. घरी आल्यावर तिनं बॅग भरली आणि न जेवता पुण्याची गाडी धरली.

महिनाभर फोन नव्हता. मग एका दुपारी आला.

"आई, पाण्याकडे जाताना बाबा हसत होते का?"

"हो," ललिताबाई म्हणाल्या. "मला बोलावत होते."

पलीकडून बराच वेळ नुसतं रडणं ऐकू येत राहिलं. ललिताबाईंनी फोन ठेवला नाही.