डागडुजी

“सीधे हात कू देखो, बेटा. और थोडा. बस, अब हिलना नक्को.”

खादरभाईंनी काळ्या कापडाखालून डोकं बाहेर काढलं आणि कॅमेऱ्याच्या शटरचा रबरी फुगा हातात घेतला. स्टुलावर बसलेली तेजश्री सांगितल्याप्रमाणे वळली. उजवा गाल भिंतीकडे गेला, डावा दिव्याच्या उजेडात आला. दाराशी उभ्या असलेल्या जयवंताबाईंचा जीव भांड्यात पडला. आणि खादरभाईंनी फुगा दाबला त्याच क्षणी पोरीनं मान सरळ केली आणि थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं.

“तेजू! अगं, काय केलंस हे!”

“मान अवघडली, आई,” तेजश्री म्हणाली. खोटं बोलताना ती नेहमी अशीच शांत असे.

“खादरभाई, दुसरा निकालो.”

“कहाँ से निकालूँ, भाभी? इस नाप की फिल्म अब मिलती किधर है? आखरी थी.” खादरभाईंनी मागच्या पडद्याकडे बोट दाखवलं. “फिकर कायकू करते? नामदेवराव बैठे हैं ना. दाग निकालना उनके बाएँ हात का काम.”

पडद्यामागे, खिडकीला लावलेल्या टेबलापाशी नामदेवराव आढाव सगळं ऐकत होते. बाहेर जाऊन काही बोलावं असं त्यांना वाटलं नाही. तेजश्री त्यांची एकुलती एक मुलगी. तिच्या उजव्या गालावर डोळ्याखालपासून हनुवटीपर्यंत जन्मापासूनची गडद लाल लास होती. घरात त्या लासेविषयी कोणी बोलत नसे, आणि घरात तिच्याशिवाय दुसरा विषयही नसे.

नामदेवराव चिक्कडपल्लीच्या रौनक स्टुडिओत रिटचर होते. निगेटिव्हवर सगळं उलटं दिसतं. गालावरचा काळा डाग तिथे काचेसारखा पारदर्शक असतो. तेवढी जागा टोकदार पेन्सिलीनं हलक्या हातानं भरून काढली, की छापलेल्या फोटोत डाग नाहीसा होतो. हे भरणं म्हणजे नामदेवरावांची हयात. देवीचे व्रण, तीळ, मस, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, तुटलेल्या भुवया, काय काय त्यांनी पुसलं होतं! अर्ध्या चिक्कडपल्लीची लग्नं आपल्या पेन्सिलीनं जमवली, असं ते म्हणत, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. लग्नानंतर कोणाला काय दिसलं, याची जबाबदारी स्टुडिओवर नव्हती.

“अल्ला मियाँ का काम दुरुस्त करते तुम,” असं खादरभाई चिडवत.

“सहा दिवसांत उरकलेलं काम ते,” नामदेवराव उत्तर देत. “बारीकसारीक डागडुजी राहणारच.”

हा विनोद त्यांनी चर्चमध्येही केला होता. जालन्याहून त्यांचे वडील निजामाच्या काळात इकडे आले, तेव्हापासून आढाव कुटुंब चर्चच्या मराठी मंडळीत होतं. मंडळी लहान. तेलुगू उपासना आटोपली की दुपारी त्याच देवळात मराठी उपासना होई. नामदेवराव तिथे मंडळीचा कारभार बघणारे पंच होते, आणि सगळे त्यांना प्रेमानं ‘डागडुजीवाले’ म्हणत. त्यांना ते आवडायचं.

पण साल होतं चौऱ्याण्णव. कोपऱ्यावर रंगीत फोटोंची लॅब निघाली होती. तिथे रीळ द्यायचं, समोर उसाचा रस प्यायचा, तोवर यंत्रातून फोटो बाहेर. पेन्सिल कोणाला हवी होती? जयवंताबाईंनी मात्र तेजश्रीचा फोटो हट्टानं ब्लॅक अँड व्हाइट काढायला लावला. रंगीत फोटोत लाल रंग लपत नाही.

स्थळ अहमदनगरचं होतं. मुलगा शाळेत शिक्षक, घर ओळखीचं, मंडळीतलं. जयवंताबाईंच्या मावसबहीण कुसुमताई मध्यस्थ होत्या. तेजश्रीला सव्विसावं संपत आलं होतं. यापूर्वीची स्थळं बघायला येत, चहा पीत, मुलगी सोडून घरातल्या सगळ्या वस्तूंकडे बघत आणि जात. दिलसुखनगरच्या ज्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये ती नोकरी करत होती, तिथे नवा काचेचा काउंटर झाला, तेव्हा त्यावर दुसऱ्या मुलीला बसवलं आणि हिला आतल्या खोलीत टायपिंगला. “उधर ठंडी हवा है,” असं मालक म्हणाला. आतल्या खोलीत एसी होता, हे खरंच होतं. घरी आल्यावर तेजश्रीनं हे हसत सांगितलं, आणि जयवंताबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

म्हणून हा फोटो. एकदा फोटोवर होकार आला, दोन्ही घरं बोलती झाली, की मग मुलगी कशी आहे ते त्यांना कळेल, असा जयवंताबाईंचा हिशेब होता. आईचा हिशेब होता तो, त्यात खोट कोण काढणार?

शुक्रवारी दुपारी नामदेवरावांनी लेकीची निगेटिव्ह उजेडावर लावली. पाळकसाहेब एका लग्नासाठी जालन्याला गेले होते आणि रविवारचं बोलणं नामदेवरावांकडे आलं होतं. विषय ठरलेला होता: उत्पत्तीचा पहिला अध्याय, देवानं माणूस आपल्या प्रतिरूपाचा केला. त्यांना हे तोंडपाठ होतं. प्रतिरूप म्हणजे नाकडोळे नव्हेत, प्रतिरूप म्हणजे बुद्धी, प्रीती, सृष्टीची जबाबदारी. मनात मुद्दे जुळवत ते पेन्सिल चालवत राहिले. गालाची गोलाई राखत, डोळ्याखालची सावली सांभाळत त्यांनी लास भरून काढली. इतकं सुंदर काम त्यांच्या हातून आजवर झालं नव्हतं. खादरभाईंनी छापून आणलेला फोटो दोघांनी खिडकीत धरून बघितला.

“वा! तुम्हारी बच्ची तो हिरोइन निकली,” खादरभाई म्हणाले. नामदेवरावांना आनंद झाला. तो कामाचा आनंद होता की बापाचा, हे त्यांनी तपासलं नाही.

शनिवारी संध्याकाळी तेजश्री कामावरून आली तेव्हा जयवंताबाई फोटो मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“बघ गं, बघ. अशी दिसती माझी लेक.”

तेजश्रीनं पर्स खाली ठेवली आणि फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला. रडली नाही, चिडलीही नाही.

“छान आहे,” ती म्हणाली. “पप्पा, उद्या तुम्ही बोलणार आहात ना, देवानं माणसाला आपल्यासारखं केलं म्हणून?”

“हो.”

“मग हिला कोणी केलं?”

 जयवंताबाई मध्ये पडल्या. “झालं का तुझं सुरू! बापानं डोळे फोडून काम केलं, त्याचं काही नाही.”

“तसं नाही, आई. मी विचारलं फक्त. ही नगरला गेली, तिला पसंत केलं, तर मी कुठे जायचं?” एवढं बोलून ती हातपाय धुवायला गेली. फोटो तिनं जपून, कडांना धरून टेबलावर ठेवला होता. रिटचरची मुलगी होती ती.

रविवारी नामदेवराव बोलायला उभे राहिले. समोर चाळीसेक माणसं, पंख्यांची घरघर. बुद्धी, प्रीती, जबाबदारी हे मुद्दे त्यांनी नीट मांडले. मग सृष्टीच्या निर्मितीची गोष्ट सांगता सांगता ते एका जागी अडखळले.

“देवानं उजेड केला, मग बघितलं आणि म्हणाला, चांगलं आहे. झाडं केली, बघितलं, चांगलं आहे म्हणाला. जनावरं केली, परत बघितलं.” ते थांबले. हा मजकूर त्यांनी शंभर वेळा वाचला होता. “म्हणजे तो दर वेळी बघतो. बघतो आणि चांगलं म्हणतो. मी... आमच्या धंद्यात आम्हीपण बघतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत चेहरेच बघतो. पण आम्ही बघतो ते यातलं काढायचं काय, ते.”

कोणीतरी हसलं. डागडुजीवाल्यांचा नेहमीचा विनोद येणार असं वाटलं असावं.

“त्यानं आपल्याला त्याच्यासारखं केलं,” नामदेवराव हळू आवाजात म्हणाले, “ते कदाचित त्याच्यासारखं बघता यावं म्हणून. दुसरं काही काम आपल्याला दिलं असेल असं मला वाटत नाही.”  ते जागेवर जाऊन बसले. पेटीवाल्यानं गोंधळून गीताला सुरुवात केली.

“अर्ध्यात काहून बसलात हो?” बाहेर पडल्यावर जयवंताबाईंनी विचारलं. “विसरलात का?”

“नाही,” ते म्हणाले.

सोमवारी त्यांनी टर्पेंटाइनमध्ये कापसाचा बोळा बुडवला. खादरभाई धावत आले. “पागल हो गए क्या? ऐसा काम फिर नै होता तुम से!” ते खरंच होतं. नामदेवरावांचा हात क्षणभर थांबलाही. मग त्यांनी बोळा निगेटिव्हवर फिरवला. शिशाचा करडा थर कापसावर आला आणि लेकीचा गाल पुन्हा उजेडासारखा मोकळा झाला. त्यांनी तो बघितला. सव्वीस वर्षांत या लासेकडे आपण नीट कधी पाहिलंच नाही, नजर नेहमी बाजूनं नेली, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना फार वाईट वाटलं. खालच्या कडेला ती झिरमिळ्यांसारखी पातळ होत जात होती. डोळा हसरा होता. मान अवघडलेल्या मुलीचा तो डोळा नव्हता.

लासेसकट छापलेला नवा फोटो घेऊन ते गेले आणि घरी रण पेटलं. जयवंताबाईंनी आधीचा फोटो पाकिटात घालून तयार ठेवला होता.

“तुमचं ते प्रवचन देवळात ठेवा! माझ्या पोरीच्या जिवावर कशाला करायलाव? हा फोटो बघून कोण हो म्हणंल? आणि गावभर लोक नावं ठेवतील ते येगळंच.”

“ठेवू दे की,” तेजश्री आतून म्हणाली. “देवानं आदामाला जनावरांना नावं ठेवायला सांगितली होती. ते काम संपलं तरी लोक थांबेनात, त्याला कोण काय करणार?”

नामदेवरावांना हसू आलं. जयवंताबाईंना नाही आलं. त्या खुर्चीवर बसल्या आणि पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, “मी मेल्यावर तुला कोण बघंल, हे सांग आधी. मग कर विनोद.”

 तेजश्री आईजवळ येऊन बसली आणि तिचा हात हातात घेतला. सकाळी कामावर जाताना तिनं पाकिटातला फोटो काढून तिथे नवा ठेवला, आईच्या देखत, आणि पाकीट आईसमोर धरलं. जयवंताबाईंनी घेतलं नाही, पण अडवलंही नाही. बसस्टॉपजवळच्या पेटीत तिनं ते स्वतः टाकलं.

मग नगरहून काही कळेना. जयवंताबाई नवऱ्याशी कामापुरतं बोलत. जेवायला वाढत, मीठ-मिरची विचारत, तेवढंच. महिना उलटल्यावर कुसुमताईंचं कार्ड आलं, रविवारी फोन करा म्हणून. उपासना झाल्यावर नवराबायको चौकातल्या एसटीडी बूथमध्ये गेले. काचेच्या खोपटात एकाच माणसाला जागा होती. जयवंताबाई आत गेल्या आणि नामदेवराव दाराशी उभे राहिले. आत ओरडून बोलावं लागायचं, त्यामुळे बाहेर रांगेतल्यांनाही सगळं ऐकू येई.

“हां, कुसुमताई, सलाम! हां, मी जयवंता. बोला... फोटो मिळाला ना?... काय म्हणाले?”

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी काचेतून नवऱ्याला हातानं खूण केली. नकार नव्हता तर! नामदेवरावांनी दाराची कड घट्ट धरली.

“हां... हां, शिकलेली आहे, नोकरी करती... हां. काय विचारायलेत?”

पलीकडून कुसुमताई समजावून सांगू लागल्या. अर्ध्या उघड्या दारातून त्यांचा बारीक आवाज नामदेवरावांनाही ऐकू येत होता. मुलाच्या घरचे चांगले आहेत. मुलाला मुलगी बरी वाटली. फक्त त्याच्या आईचं म्हणणं आहे, आता नवीन नवीन मशिनी निघाल्यात, तेव्हा तो डाग जातो का, तेवढं डॉक्टरला विचारून कळवा. डाग जाणार असला तर त्यांची तयारी आहे.

 हेच त्या स्वतः सव्वीस वर्षं म्हणत आल्या होत्या, हळदीचे लेप लावताना, उस्मानिया हॉस्पिटलच्या डॉक्टरांपुढे हात जोडताना, पेन्सिल चालवायला नवऱ्याला भाग पाडताना. आज ते परक्या घरातून आलं.

“कसला डाग?” त्यांनी विचारलं.

कुसुमताई पुन्हा सांगू लागल्या.

“डाग-बिग काही नाही तिच्या तोंडावर,” जयवंताबाई एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की रांगेतला पानवाला वळला. “चेहरा हाय तो तिचा! त्यांना म्हणावं, फोटो परत पाठवा.” आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या बाहेर आल्या. नामदेवरावांनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. 

“होत आलं होतं हो,” जयवंताबाई म्हणाल्या. “होत आलेलं मोडलं मी. आता पुन्हा कोण येणार?”

“माहीत नाही,” नामदेवराव म्हणाले.

रस्ता ओलांडायला ते फुटपाथच्या कडेला थांबले. एकामागून एक बसगाड्या जात राहिल्या. जयवंताबाईंना रडू कोसळलं, भाजीवाल्यांच्या आणि रिक्षांच्या गर्दीत, भर दुपारच्या उन्हात. जाणारे-येणारे वळून वळून बघत होते. त्यांनी तोंडाला पदर लावला नाही.