काढून टाकलेल्या अकरा ओळी

मंगळवार, ११ मार्च, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. लुंगवेई गावातल्या शेवटच्या गल्लीत, समुद्राकडे पाठ करून उभ्या असलेल्या एका बैठ्या घराचं कुलूप गावप्रमुखांच्या समक्ष तोडण्यात आलं. आत को हुओ-वांग हे एक्याऐंशी वर्षांचे, एकटे राहणारे गृहस्थ खाटेवर मृत आढळले. बारा वर्षांपूर्वीपर्यंत ते कालवांची शेती करत. मृत्यूला एकोणीस दिवस झाले असावेत, असं डॉक्टरांनी लिहिलं.

त्या एकोणीसही दिवशी सकाळी साडेसात वाजता जिल्ह्याच्या ज्येष्ठ-कल्याण खात्याचा खुशालीचा फोन त्या घरात वाजला होता. 'तुम्ही बरे असाल तर एक दाबा', एवढंच ती यंत्रातली बाई विचारते. एक दाबला नाही, तर दुपारच्या आत खात्याचा माणूस दारात येतो. को यांच्या घरातून एकोणीसही दिवस एक दाबला गेला, म्हणून कुणी आलं नाही.

तैवानच्या या वाळूभरल्या किनाऱ्यावर मी एकतीस वर्षं बातमीदारी करते आहे आणि सरकारी निवेदन दुसऱ्या परिच्छेदात कुणावर खापर फोडणार, हे मला पहिल्या ओळीवरून कळतं. कल्याण खात्याने त्याच संध्याकाळी पत्रक काढलं. फोनयंत्रणा ज्या सॉफ्टवेअरवर चालते ते खुलं आहे, स्वयंसेवकांनी विनामूल्य बनवलेलं आहे, आणि गेल्या सप्टेंबरात त्या स्वयंसेवकांनी 'सुरक्षेची एक महत्त्वाची तपासणी' त्यातून परस्पर काढून टाकली, असं त्यात होतं. काढणाऱ्या बाईंचं नाव पूर्ण छापलं होतं. ही यंत्रणा आठ वर्षं फुकट वापरणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी एकाचंही नव्हतं. मी लुंगवेईत जाऊन तो फोन पाहिला. हिवाळ्यात आमच्याकडे दाराच्या फटीतून बारीक वाळू आत येते; रिसीव्हरवर तिचा सारखा थर बसला होता आणि त्यावर बोटाचा एकही ठसा नव्हता. बरोबरचा हवालदार म्हणाला, आमच्या अहवालात वाळूसाठी रकाना नाही.

तरीही पत्रकात नाव छापलेल्या च्येन यू-त्सेनकडे मी तिला सोलून काढायच्या तयारीनेच गेले. छत्तीस वर्षांची, दिवसा एका दवाखान्याच्या हिशेबांचं काम करणारी आणि उरलेल्या वेळात हे सॉफ्टवेअर सांभाळणारी ही बाई तीन दिवस घराबाहेर पडली नव्हती. दोन्ही हातांच्या नखांपाशी कातडी कुरतडलेली होती. काय काढलं ते दाखव, म्हटल्यावर तिने पडदा माझ्याकडे वळवला.

गेल्या वर्षी त्यांनी साफसफाई काढली होती. आठ वर्षांत साचलेला, आता कुणी न वापरणारा कोड शोधायचा, तो काढायचा आहे अशी सूचना प्रकल्पाच्या पानावर लावायची, सहा महिने थांबायचं, कुणी हरकत घेतली नाही तर काढून टाकायचा, हा त्यांचा रिवाज. त्या यादीतला नववा तुकडा अकरा ओळींचा होता. एक दाबला गेल्यानंतर पाच सेकंद तो फोनमधला आवाज मोजायचा. जिवंत घरात आवाज असतोच: श्वास, टीव्ही, भांडं, रस्त्यावरची मोटरसायकल. काहीच नसेल, खोलीचासुद्धा आवाज नसेल, तर एक दाबलेला असूनही त्या ओळी एका नंबरला संदेश पाठवायच्या. वर लेखकाने एकच ओळ लिहून ठेवली होती: 'एक दाबला म्हणजे माणूस आहे असं नाही.'

"हे वाचून काढावंसं वाटलं तुला?" मी विचारलं.

"वेई ताई, सात वर्षांत ते एकदाही चालल्याची नोंद नव्हती," ती म्हणाली. "बटण दाबलंय पण दाबणारं कुणी नाही, अशी वेळ येईल कशी? मला वाटलं, ते लिहिणाऱ्या म्हाताऱ्याने गंमत केलीय. सहा महिने सूचना होती. कुणी ब्र काढला नाही."

मी तिला फार काही बोलले नाही. ती माझ्याआधीच सगळं स्वतःला बोलून बसली होती. तिला एकच गोष्ट हवी होती, आणि ती बदनामी पुसण्याची नव्हती. त्या ओळी जागेवर असत्या तर को काका पहिल्याच दिवशी सापडले असते का, एवढं तिला जाणून घ्यायचं होतं. आवाजाचे आकडे खात्याच्या यंत्रात अजून साठत होते आणि ते वाचायची तिची परवानगी काढून घ्यायची खात्याला आठवण झाली नव्हती. तिने अकरा ओळी कोडच्या जुन्या इतिहासातून वर काढल्या आणि माझ्यासमोर त्या को यांच्या आकड्यांवर चालवल्या. एकोणीसच्या एकोणीस दिवशी शांतता पकडली गेली. ती मान खाली घालून बसली. मग तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं, बोटाने शांततेच्या नोंदी मोजल्या, आणि परत मोजल्या.

नोंदी सव्वीस होत्या. शांतता मृत्यूच्या दिवशी सुरू झालेली नव्हती. आधीचे सात दिवस को हुओ-वांग जिवंत होते. त्यातल्या चौथ्या दिवशी त्यांनी दुकानातून तांदूळ नेल्याचं दुकानदार सांगतो. त्या सातही सकाळी त्यांच्या घरातून एक दाबला गेला होता आणि दाबणाऱ्याला श्वास नव्हता.

ओळींचे लेखक लू चिंग-शुई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले, डोंगराच्या पायथ्याशी सुपारीच्या बागेत राहणारे. आम्ही पोचलो तेव्हा ते अंगणात चहाची भांडी उकळत्या पाण्याने धूत होते. यू-त्सेनने वाकून नमस्कार केला आणि माफी मागितली. त्यांनी ती मागू दिली, पूर्ण ऐकून घेतली.

"सूचना लावली होतीस म्हणतेस. कुठे?"

"प्रकल्पाच्या पानावर, काका."

"ते पान मी उघडतो का? को उघडायचा? माझ्या दारावर तर काही लावलेलं नव्हतं. गेटला भरपूर जागा आहे, ही बघ."

संदेश ज्या नंबरला जायचा तो नंबर त्यांचा होता. सात वर्षं त्यांनी कुणालाही न सांगता, कुठेही न नोंदवता, संदेश आला की स्कूटर काढायची आणि त्या घरी जायचं, असं चालवलं होतं. सप्टेंबरपासून फोन गप्प झाला. त्यांना वाटलं, संपलं एकदाचं. त्या आनंदात त्यांनी स्कूटर पुतण्याला देऊन टाकली.

मी त्यांना विचारलं की त्या घरांत ते काय पाहायचे. ते म्हणाले, काय पाहणार, म्हातारी माणसं, भात खात बसलेली. एक्स्चेंजमध्ये असतानाही काही लाइनी अशा मुक्या निघायच्या, पण तिथे ते कुणी लिहून ठेवत नसे. सॉफ्टवेअरचं बरं असतं, त्याला सांगायचं तर लिहावंच लागतं. याच्यापुढे त्यांनी कारण दिलं नाही. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, पत्रकारबाई, चहा गार होतोय.

"मग जाऊन तुम्ही करायचात काय?" यू-त्सेनने विचारलं.

"घरातल्या माणसाला बाहेर बोलवायचो आणि सांगायचो, उद्यापासून फोन तू घ्यायचा. धावत जा, पडलास तरी चालेल, पण तू घे. दोन-तीन दिवसांत सुटायचं ते."

"आणि नाही घेतला तर?"

त्यांनी तिच्या पेल्यात चहा ओतला, मग माझ्या, मग स्वतःच्या.

"आठवडा असतो," ते म्हणाले.

परतताना गाडीत तिने मांडीवर संगणक उघडला आणि त्या सकाळच्या सगळ्या, म्हणजे चारशे सहा घरांवर त्या ओळी चालवल्या. चारशे सहाच्या चारशे सहा जणांनी एक दाबला होता. यांतल्या सत्तावीस घरांत खोलीचा आवाज नव्हता. कुणाचा पहिला दिवस, कुणाचा तिसरा, दोघांचा सहावा.

यानंतरचं मी तारखांसकट लिहून ठेवलं आहे, आणि ज्याला खोटं पाडायचं असेल त्याने पाडावं. त्याच दुपारी मी यादी घेऊन कल्याण खात्यात गेले. उपसंचालकांनी मला बसायला सांगितलं, यादी पाहिली आणि सांगितलं की ही माणसं बरी आहेत, त्यांनी तसं कळवलं आहे. रोज सत्तावीस घरी पाठवायला त्यांच्याकडे माणसं नाहीत. चौकशी संपेपर्यंत यंत्रणेत एक अक्षरही बदलता येणार नाही. आणि आकडे वाचायची वाट उघडी राहिल्याचं लक्षात आणून दिल्याबद्दल ते माझे आभारी आहेत. मी त्यांना काय म्हणाले ते छापण्यासारखं नाही. सहा दिवसांच्या दोन घरांपैकी एकाचा मुलगा तायपेईत होता. माझा फोन ऐकून तो वैतागला, पण रात्रीच्या गाडीने येऊन बापाला घेऊन गेला. दुसरं घर फान आजींचं.

तिकडे यू-त्सेनने ओळी परत घालायचा अर्ज प्रकल्पात टाकला. त्यांच्यात कुठलाही बदल दुसऱ्या सांभाळणाऱ्याने मान्य केल्याशिवाय आत जात नाही. तासाभरात दुसऱ्याने लिहिलं: ही तपासणी नेमकी कशासाठी? कृपया कारण द्या. चारशे घरांचं जीवन ज्याच्यावर अवलंबून आहे त्यात कारणाशिवाय काही घालू नये, हे त्याचं म्हणणं गैर नव्हतं. तीच शिस्त तिने त्याला शिकवली होती. तिने चार वेळा कारण लिहिलं आणि चार वेळा पुसलं. शेवटी लू काकांचीच ओळ लिहिली. त्यावर कुणीतरी हसरा चेहरा टाकला.

फान आजी शेवग्याच्या शेंगेसारख्या बारीक, ब्याऐंशी वर्षांच्या. त्या संध्याकाळी दारात पाटावर बसून कालवं फोडत होत्या; सुरीचं टोक शिंपल्याच्या सांध्यात घालायचं, मनगट वळवायचं, मांस भांड्यात, शिंपला ढिगावर. मी वर्तमानपत्रातून आले म्हटल्यावर त्या म्हणाल्या, अजून मेले नाही, उद्या ये. मी शेजारी बसले आणि सकाळच्या फोनबद्दल विचारलं.

"वाजतो रोज," त्या म्हणाल्या. "मी उठेपर्यंत उचलला जातो."

"कोण उचलतं, आजी?"

"मला काय माहीत? मला वाटलं बरं झालं, गुडघे वाचले." सुरी वळली. "आतल्या खोलीत फोन. मी दारात. एवढं चालून जायचं आणि त्या बाईला काय सांगायचं, की बरी आहे? बरी असते तर चालायला वेळ लागला असता का?"

"घरात आणखी कोण राहतं?"

"जा, आत जाऊन मोज."

मी आत गेले. एक खाट, एक पंखा, एक खुर्ची, देव्हाऱ्यात नवऱ्याचं चित्र, भिंतीजवळ तिपाईवर हिरवा फोन. मी त्यांना माझ्या घरी चला म्हणाले. त्या म्हणाल्या, कालवं नासतील. मी विनवण्या केल्या, मग आवाज चढवला, त्यांनी माझ्यापेक्षा जास्त चढवला. शेवटी उद्या फोन स्वतः घेईन, एवढं कबूल केलं. मी त्यांच्या खुर्चीत रात्र काढली. त्या शांत झोपल्या.

सातला आम्ही रताळ्याची पेज खाल्ली. सात वाजून वीस मिनिटांनी मी त्यांना फोनसमोर खुर्चीत बसवलं आणि त्यांचा उजवा हात उचलून रिसीव्हरवर ठेवला. हाताला कालवांचा वास होता आणि तो उबदार होता. बाहेर कुणीतरी मोटरसायकल चालू करत होतं. माझ्या मोबाइलवर यू-त्सेन होती. आकडे वाचायची तिची वाट त्या दिवशी आठ वाजता बंद होणार होती.

साडेसातला घंटा वाजली. पहिली घंटा पुरती वाजायच्या आत आजींनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. त्यांनी ऐकलं, काही क्षणच, आणि मग माझ्याकडे न बघता तो माझ्या हातात दिला. यंत्रातली बाई म्हणत होती, धन्यवाद, तुमचं उत्तर मिळालं आहे, उद्या पुन्हा फोन करू.

"झालं म्हणे माझं," आजी म्हणाल्या.

मोबाइलवर यू-त्सेनने सावकाश वाचून दाखवलं: साडेसात, एक दाबला, पुढची पाच सेकंदं शून्य. मोटरसायकल अजून फुरफुरत होती. आजी उठल्या आणि कालवांकडे गेल्या.

मी त्याच दिवशी कल्याण खात्याला लेखी विचारलं की आज सकाळी फान आजींच्या घरातला फोन कुणी घेतला. सही-शिक्क्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी मिळालं, तेव्हा फान आजींच्या दारातला पाट सकाळपासून रिकामा होता. उत्तराच्या दिवशी, म्हणजे आठव्या सकाळीही, साडेसात वाजता फान यांच्या घरातून त्या बऱ्या असल्याचं कळवण्यात आलं आहे, असं त्यात लिहिलं आहे. कळवलं कुणी, ते लिहिलेलं नाही.