बाहेरची कड

“हा,” भाऊजी म्हणाले आणि खालच्या फळीवरच्या सगळ्यांत रुंद टायरला त्यांनी बुटाच्या टोकानं हलकेच ढोसलं. “दोनशे पंचवीस रुंदीचे. चारही.”

“बसणार नाहीत,” गेज म्हणाला.

“बसतील. मडगार्डची कड आतून ठोकली की बसतील. मागे ठोकली नव्हती का आपण?”

“बावीस वर्षांपूर्वी ठोकली होती. तिसऱ्याच फेरीत टायर घासून धूर निघाला. परत येताना सबंध रस्ताभर तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत.”

“तेव्हा तुला काही येत नव्हतं. आता येतं.”

गेजनं हातातली रिम मशीनवर चढवली आणि उगाचच तिची कड फडक्यानं पुसली.

त्याचं खरं नाव दुकानाच्या परवान्यावर होतं, तेवढंच. शर्टाच्या वरच्या खिशात हवेचा दाब मोजायचा गेज कायम असायचा, म्हणून सगळ्या गल्लीचा तो गेज. सख्खी बहीणसुद्धा फोनवर “गेज आहे का दुकानात?” असंच विचारायची. भाऊजी म्हणजे या बहिणीचे यजमान. छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर त्यांची चौतीस वर्षं गेली. पाचशे कागदांची चळत अर्धा मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही, अशी कापायचे. आणि वर्षातले चार रविवार क्लबच्या शर्यतीत गाडी पळवायचे. गाडी साधी, छोटी. ड्रायव्हरची सीट सोडून आतलं सगळं काढून टाकलेलं. इतक्या वर्षांत एकदाच तिसरा नंबर आला होता. तेव्हा मिळालेल्या कपात ताई सुटी बटणं ठेवत असे.

“दोन वर्षं झाली, वेळ वाढत चाललीय,” भाऊजी म्हणाले. “एका फेरीला चार सेकंद. टायर धरतच नाहीत. रबर वाढव, पकड वाढेल. साधं गणित आहे.”

“तितकं साधं नाही ते.”

“तुझं काहीच साधं नसतं.”

भाऊजी गेल्यावर गेजनं ड्रॉवरमधून वही काढली. ही वहीसुद्धा भाऊजींचीच देणगी. विसाव्या वर्षी परीक्षेत गचकून गेज घरात तोंड लपवून बसला होता, तेव्हा एका रविवारी ते त्याला ट्रॅकवर घेऊन गेले आणि हातात एक सुईचं थर्मामीटर ठेवलं. “हात काळे करायचे नसतील तर आकडे तरी लिही.” गाडी थांबली रे थांबली की गरम टायरमध्ये तीन ठिकाणी सुई टोचायची: आतली कड, मध्य, बाहेरची कड. मध्य जास्त तापला तर हवा जास्त झाली. कडा जास्त तापल्या तर हवा कमी पडली. त्या आकड्यांच्या नादानं तो टायरच्या धंद्यात पडला आणि त्याच धंद्यात त्याचे केस पिकले.

ट्रॅकवर एक लांबलचक उजवं वळण होतं. मध्ये खोलगट, म्हणून क्लबवाले त्याला घमेलं म्हणत. तिथं गाडीचा सगळा भार पुढच्या डाव्या चाकाच्या बाहेरच्या कडेवर यायचा. चालवणाऱ्यानं गाडी किती जोरात घातली, ते त्या कडेचा आकडा सांगायचा. भाऊजींचा आकडा वर्षानुवर्षं ब्याण्णव. फार तर एखादा अंश खालीवर. मग अठ्ठ्याऐंशी झाला, मग एक्याऐंशी, मग चौऱ्याहत्तर. गेल्या खेपेला अडुसष्ट.

गेजनं काय काय करून पाहिलं होतं. हवा बदलली, चाकांचा कल बदलला, दुसऱ्या कंपनीचे टायर आणले. आकडा घसरायचा तो घसरतच गेला. शेवटी गेल्या शर्यतीत तो कुंपणाशी, अगदी घमेल्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. भाऊजींची गाडी आली. पुढची चाकं वळली, किंचित सरळ झाली, पुन्हा वळली, पुन्हा सरळ झाली. गाडी गोल वळत नव्हती, लहान लहान सरळ रेषा जोडून वळण काढत होती. त्या दिवशी त्यानं आकडा लिहिला आणि शेरा लिहायचा रकाना मोकळा सोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई दुकानात आली. आली ती टायरच्या थप्पीवर पर्स ठेवून उभीच राहिली.

“ते येऊन गेले ना काल?”

“हो. रुंद टायर पाहिजेत म्हणाले.”

“तुला सांगितलं काही?”

“कशाबद्दल?”

“नाही सांगितलं म्हणजे.” ताईनं काउंटरवरचा एक नट उचलला आणि पुन्हा जागच्या जागी ठेवला. “हाताच्या कापऱ्याचं तुला माहीत असेलच. डोळे आहेत तुला. मी आता चहासुद्धा अर्धाच कप देते, म्हणजे सांडत नाही. त्यांना वाटतं, साखर कमी करायची म्हणून चहा कमी केलाय.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“शर्यतीचं प्रमाणपत्र या महिनाअखेरपर्यंत आहे. तोवर सांभाळून चालवा म्हणाले. पुढं मी सही करणार नाही, असं तोंडावर सांगितलं त्यांनी. घरी येऊन हे चकार शब्द बोलले नाहीत. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते, तरी बोलले नाहीत.”

म्हणजे या रविवारची शर्यत शेवटची. गेजनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं नाही.

“मला रुंद कळत नाही अन् अरुंद कळत नाही,” ताई म्हणाली. “नीट घरी यायला पाहिजेत, एवढंच. आणि तिथं सगळ्यांसमोर त्यांचं हसं व्हायला नको. दोन्ही पाहिजे मला.”

“दोन्ही कसं जमायचं, ताई?”

“ते तू बघ. बावीस वर्षं नुसते आकडेच उतरवलेस का?”

ती गेली. गेजनं दुकानाचं अर्धं शटर ओढलं आणि वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. खरं तर मांडायची गरज नव्हती, उत्तर त्याला कधीचं ठाऊक होतं. टायर तापला की रबर रस्त्याला चिकटतं. तो तापतो कष्टानं. टायर रुंद केला तर तेच कष्ट जास्त रबरावर वाटले जातात आणि कुठलंच रबर पुरेसं तापत नाही. जो माणूस आजचे टायर अडुसष्टपर्यंत कसेबसे नेतो, त्याला दोनशे पंचवीस दिले तर ते साठही गाठणार नाहीत. गार टायर घेऊन तो घमेल्यात शिरणार. शिवाय रुंद टायर वळवायला ताकद लागते आणि या गाडीच्या स्टिअरिंगला जोर देणारी यंत्रणा नव्हती. वजन कमी व्हावं म्हणून भाऊजींनी ती स्वतःच्या हातांनी उपटून काढली होती. हात चांगले होते तेव्हा.

उत्तर उलटं होतं. सध्याच्या एकशे पंच्याण्णवहून एक पायरी खाली: एकशे पंच्याऐंशी, मऊ रबराचे. थोड्या कष्टात तापतील, स्टिअरिंग हलकं होईल. गणित चोख होतं. अडचण एवढीच की ते माणसाला सांगायचं होतं. अरुंद टायर घ्या म्हणजे तुम्ही आता हळू झालात, हा आकार हळू चालवणाऱ्याचा आहे. हे ज्या माणसानं थर्मामीटर हातात दिलं, त्याच माणसाला.

त्यानं ते सांगितलं नाही. एकशे पंच्याऐंशीच मागवले. रिम मात्र निवडून आणली, पूर्वीपेक्षा पाच मिलिमीटर बाहेर बसणारी, म्हणजे चाक मडगार्डच्या कडेपर्यंत येईल आणि गाडी भरलेली दिसेल. टायरवरचा आकडा पुसता येत नाही, तो साच्यातच उठलेला असतो. पण भाऊजींनी टायरवरचा आकडा वाचून वर्षं लोटली होती. तो प्रांत गेजचा.

शुक्रवारी भाऊजी गाडी बघायला आले. दोन पावलं मागे सरून त्यांनी चारही चाकं न्याहाळली. उजवा हात पँटच्या खिशात होता.

“भरलेली दिसतेय.”

“हं.”

“बसले म्हणजे दोनशे पंचवीस. तू नाही म्हणत होतास.”

“बसतील तेवढे रुंद बसवलेत,” गेज म्हणाला आणि पाना शोधायला आत गेला. पाना त्याच्या हातातच होता.

रविवारी ढगाळ होतं. ट्रॅकवर चौदा गाड्या, पत्र्याच्या शेडखाली ओळीनं लावलेल्या. शर्यतीआधी तपासनीस येतो, ब्रेक बघतो, पट्टे ओढून बघतो आणि एक तक्ता भरून घेतो. त्यात टायरचा आकार लिहायचा एक रकाना असतो. आजवर तक्ता गेज भरायचा, भाऊजी फक्त सही करायचे. आजही तसंच करायचं त्यानं ठरवलं होतं. पण जॅकचं हँडल टेम्पोतच राहिलं होतं. ते घेऊन परत येईपर्यंत तपासनीस येऊन गेला होता.

भाऊजी पँटचा गुडघा झटकत उभे होते. गुडघ्याला माती लागली होती.

“तक्ता?”

“दिला भरून. तू नव्हतास. माणूस किती वेळ थांबणार?”

“सगळं लिहिलंत?”

“लिहिता येतं मला,” भाऊजी म्हणाले आणि हातमोजे चढवू लागले. डावा चढला. उजव्याला वेळ लागत होता. गेजनं मान खाली घालून हवा तपासायला घेतली. चारही चाकं तपासून झाली, तरी हातमोजा अजून अंगठ्याशीच होता, म्हणून त्यानं चारही चाकं पुन्हा तपासली.

त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. तक्त्यात दोनशे पंचवीस लिहिलं असेल तर? तपासनीस टायर बघणार, तक्ता बघणार आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात विचारणार, काका, हे काय? पण कुणी हाक मारली नाही. गाड्या सुरू झाल्या. भाऊजी आपणहून सगळ्यांत मागे जाऊन उभे राहिले.

गेज कुंपणाशी गेला. दहा फेऱ्या होत्या. पहिल्या दोन फेऱ्यांत चाकं तशीच, वळून सरळ, वळून सरळ. तिसऱ्या फेरीला गाडी घमेल्यात उतरली आणि जरा दबून बसली. टायर तापले होते. चौथ्या फेरीला रेषा कमी झाल्या. सहाव्या फेरीला, त्या एकाच फेरीला, गाडी वळणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गोल गेली, जशी पूर्वी जायची. गेजच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्यात काही विशेष दिसलं नसावं. तो जांभई देत होता. पुढच्या फेरीला रेषा परत आल्या, पण आखूड.

भाऊजी अकरावे आले. गेल्या खेपेपेक्षा फेरीमागे दोन सेकंद कमी.

गाडी शेडखाली आली, तसा गेज सुई घेऊन खाली बसला. आतली कड एकोणऐंशी. मध्य ऐंशी. बाहेरची कड त्र्याऐंशी. शेजारच्या गाडीचा मालक दातांचा डॉक्टर होता, तो हेल्मेट काखेत मारून आला.

“काय काका, आज काय खाऊन आलात? माझ्या आरशातून हलायलाच तयार नव्हतात.”

“टायर,” भाऊजी मोठ्यानं म्हणाले. “दोन वर्षं ह्या मेहुण्याला सांगतोय, रुंद टाक, रुंद टाक. आज कुठं ऐकलं त्यानं.”

दातांच्या डॉक्टरनं टायरकडे पाहिलं. मग गेजकडे पाहिलं. रोज लोकांच्या तोंडात डोकावणारा माणूस. काय बघायचं आणि काय बोलायचं, हे त्याला कळत होतं.

“आमचा मेहुणा तर फोनही उचलत नाही,” तो म्हणाला. “नशीबवान आहात.” आणि गेला.

थोड्या वेळानं तपासनीसानं तक्ते परत वाटले. भाऊजी उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसून बुटाची नाडी सोडत होते, म्हणून तक्ता गेजच्या हातात आला. त्यानं टायरचा रकाना पाहिला.

तिथं एकशे पंच्याऐंशी लिहिलं होतं. छापखान्यातल्या माणसाचं अक्षर, एके काळी छापल्यासारखं सरळ. आता प्रत्येक आकड्याची रेष थरथरत खाली आली होती. शेवटचा पाच वाचता यावा म्हणून दोनदा गिरवला होता. शर्यतीआधीच, मातीत गुडघा टेकून, त्यांनी टायरवरून तो वाचून घेतला होता.

गेजनं तक्त्याची घडी घातली आणि वहीत ठेवली.

“बाहेरची कड किती आली?” भाऊजींनी नाडीवरून नजर न काढता विचारलं.

“त्र्याऐंशी.”

“पूर्वी किती असायची?”

“ब्याण्णव.”

“आणि मागच्या वेळी?”

“अडुसष्ट.”

भाऊजींनी मान हलवली. नाडी अखेर सुटली. “एवढं करूनही ब्याण्णव नाही. म्हणजे टायरचा दोष नव्हता.”

“नव्हता,” गेज म्हणाला.

दोघांनी मिळून चाकं उतरवली. टेम्पोवर चढवण्याआधी प्रत्येक टायरवर पिवळ्या खडूनं खूण करायची गेजची पद्धत होती. पुढच्या शर्यतीला कुठलं चाक कुठं बसवायचं, म्हणजे झीज सारखी होते. पुढचं डावं त्यानं उभं केलं, खिशातून खडू काढला आणि तसाच हातात धरून उभा राहिला. शेडमधल्या बाकीच्या गाड्या एकेक करून निघत होत्या.

“लिही की,” भाऊजी म्हणाले.

“काय लिहू?”

“नेहमी काय लिहितोस?”

चाक उतारावर घरंगळू लागलं, तसे ते वाकले आणि त्यांनी दोन्ही हातांनी ते धरलं. टायर अजून कोमट होता. गेजनं सावकाश लिहिलं: मागे, उजवीकडे. लिहून होईपर्यंत भाऊजींनी चाक धरून ठेवलं होतं, आणि त्या वजनाखाली त्यांचे हात स्थिर होते.